कपाटातून ये-जा

"मोजलंय मी," आवकराव म्हणाले. "सगळं मोजलंय. कपाट मोजलंय, टेम्पो मोजलाय, आपला दरवाजा मोजलाय. दरवाजातून आत जाऊन वर बोटभर जागा उरते."

"दरवाजा अजून दीड मजला वर आहे," कपाटाच्या पलीकडून हमाल म्हणाला.

हमाल दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ते शिसवी कपाट भिंतीपासून कठड्यापर्यंत असं काही बसलं होतं की पलीकडे जग आहे की नाही तेच कळू नये. पलीकडे दोन हमाल होते, अलीकडे दोन हमाल आणि आवकराव होते. चौघा हमालांनी ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं, शेवटी कपाटाला पाठ लावून बसूनही पाहिलं. कपाट हूं की चूं करेना.

झालं होतं ते असं. त्या वळणावर छताला एक आडवी तुळई आहे. हमालांनी कपाट तिरकं करून तिच्याखालून घेतलं आणि पुढे गेल्यावर दम खायला म्हणून सरळ उभं केलं. सरळ होताक्षणी कपाटाच्या माथ्यावरचा कोरीव मुकुट तुळईच्या मागे गेला आणि पाय कठड्याला टेकले. पुढे भिंत होती. मागे यायचं तर पुन्हा तिरकं करायला हवं होतं, आणि तिरकं करायला आता जागाच उरली नव्हती. आवकरावांनी सगळं मोजलं होतं हे खरं, फक्त जिना मोजायचा राहिला. ज्या जिन्यावरून माणूस वर्षानुवर्षं चढ-उतर करतो तो मोजायची वस्तू आहे हे सुचत नाही. माणसाचं काय, तो कुठेही वळतो.

आवकराव एका मोठ्या ऑफिसात आवक विभागात होते. आलेल्या प्रत्येक टपालावर शिक्का मारायचा आणि ते पुढे सरकवायचं, एवढंच काम. त्यावरून ऑफिसने ठेवलेलं नाव इमारतीपर्यंत पोचलं आणि इथेही तेच रूढ झालं. शिक्का मारून मारून त्यांचा जीव इतका विटला होता की सुट्टीच्या दिवशीही हात टेबलावर आपटायचा. अशात त्यांच्या हाती जुन्या वस्तूंच्या व्यापारावरचं एक जाडजूड पुस्तक आलं आणि त्यांच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच. घरात ते धड बसेनात, धड जेवेनात. चमचा उचलला की आधी तो उलटा करून मागची खूण बघायचे.

"मला अँटिकचा धंदा करायचाय," त्यांनी एक दिवस जाहीर केलं.

"म्हणजे भंगाराचा," बायको म्हणाली. ती शाळेत शिकवत असे आणि कुठल्याही गोष्टीची व्याख्या एका शब्दात करत असे.

बऱ्याच वादावादीनंतर करार झाला. आवकरावांनी महिनाभर बिनपगारी रजा घ्यायची. महिन्यात एक वस्तू विकून दाखवायची. जास्त नाही, एक. विकली तर खुशाल राजीनामा द्यायचा, बायको चकार शब्द काढणार नाही. नाही विकली तर गपचूप ऑफिसला जायचं आणि हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही.

महिना संपत आला होता. तोपर्यंत आवकरावांनी मिळवलेल्या मालात एक ग्रामोफोनचा कर्णा होता, ज्याला ग्रामोफोन नव्हता. एक तराजू होता, ज्याला पारडं एकच होतं. एक घड्याळ होतं, ज्याचे काटे गळून आत पडले होते आणि हलवलं की खुळखुळायचं. यातलं काही बघायला भंगारवालाही आला नाही. आणि मग गावाबाहेरचा एक जुना लॉज पाडायला निघाल्याची खबर लागली. आवकराव धावत गेले आणि तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत त्यांना ते कपाट दिसलं. पायांना सिंहाचे पंजे, दाराच्या आतल्या बाजूला पुरुषभर उंच आरसा, आणि माथ्यावर मुकुट. मुकुटात द्राक्षांचे घोस आणि ते टिपणारे दोन पक्षी कोरलेले. आवकराव नकळत कपाटासमोर हात जोडून उभे राहिले. इतक्या मनापासून त्यांनी लग्नातही हात जोडले नव्हते.

लॉजमध्येच त्यांना गिऱ्हाईकही भेटलं. एका हॉटेलाचे मालक, असंच जुनं सामान बघत फिरत होते. "घरी नेऊन नीट मांडा, रविवारी येऊन बघतो," असं म्हणून त्यांनी पत्ता घेतला. रजेचा शेवटचा दिवस म्हणजे तोच रविवार. म्हणून एवढी घाई, म्हणून हे चार हमाल, आणि म्हणून ही आत्ताची तुळई.

"अहो," पलीकडून, थोड्या वरच्या अंगाने, बायकोचा आवाज आला. "तुम्ही कपाटाच्या आत आहात की बाहेर?"

"बाहेर आहे!"

"कुठल्या बाहेर?"

"खालच्या!"

"मग वर कसे येणार?"

पलीकडचे दोन हमाल कठड्याबाहेरून लोंबकळत अलीकडे आले, चौघांनी आपले पैसे घेतले आणि एकदाही मागे वळून न पाहता ते निघून गेले.

तेवढ्यात खालून सेक्रेटरी आले. सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहत आणि इमारतीत कुठे काय चुकतंय याच्या शोधात दिवसभर असत. आज शोधायची गरज पडली नाही. हातात भाजीची पिशवी घेऊन ते कपाटासमोर थबकले.

"हे काय आहे?"

"अँटिक आहे," आवकराव म्हणाले.

"ते असेल. जिन्यात का आहे?"

"तात्पुरतं आहे."

"आवकराव, माझं घर वर आहे. भाजी खाली आहे. मी खाली आहे. तात्पुरतं म्हणजे किती?"

उत्तर मिळायच्या आत गाल सुजलेला एक माणूस जिना चढून आला. दुसऱ्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. कपाट पाहून तो माणूस बिचकला आणि आपण भलत्याच ठिकाणी आलो का, असं त्याने आवकरावांना खुणेने विचारलं. पलीकडून डॉक्टर ओरडले, "या, या! कुठली दाढ?" पेशंटने दाढ सांगितली, पण तोंड सुजलेलं आणि मध्ये शिसवी लाकूड, त्यामुळे पलीकडे काही पोचलं नाही. "जरा मोठ्याने!" डॉक्टर म्हणाले. पेशंटने क्षणभर विचार केला, दाढ दुखायची थांबली असं जाहीर केलं आणि तो आला तसा उतरून गेला.

"माझा पेशंट गेला!" डॉक्टर कपाटावर पलीकडून थाप मारत म्हणाले.

"थाप मारू नका!" आवकराव कळवळून ओरडले. "अहो, जुनं लाकूड आहे!"

सुताराला बोलावणं धाडलं. सुतार आला, त्याने खालून बघितलं, कठड्यावर चढून वरून बघितलं आणि पिशवीतून करवत काढली.

"टोप कापतो," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम. लगेच निघेल."

आवकराव दोन्ही हात पसरून कपाटाला पाठ लावून उभे राहिले. "टोप नाही तो, मुकुट आहे! मुकुट कापला की किंमत गेली. या धंद्यातला पहिला नियम आहे, वस्तू मूळ अवस्थेत ठेवायची."

"मूळ अवस्थेत ते झाड होतं," सुतार म्हणाला.

सेक्रेटरी करवतीच्या बाजूचे, डॉक्टर करवतीच्या बाजूचे, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरबाई तर म्हणाल्या की करवत चालत नसेल तर कात्री देते. आवकराव मात्र हलेनात. रविवारी गिऱ्हाईक येणार आहे, रविवारपर्यंत तरी थांबा, असं ते एकेकाला काकुळतीने सांगत राहिले. शेवटी तो वाद ऐकून कंटाळलेल्या सुतारानेच वाट काढली, म्हणजे अक्षरशः काढली. कपाटाची मागची फळी खिळ्यांनी ठोकलेली नव्हती, खाचेत बसवलेली होती. वर सरकवली की निघत होती आणि हवी तेव्हा पुन्हा बसवता येत होती. मूळ अवस्थेला धक्का नाही. पलीकडून डॉक्टरांनी सुताराच्या सांगण्याप्रमाणे फळी सरकवली, अलीकडून आवकरावांनी दार उघडलं, आणि आवकरावांना आत, कपडे टांगायच्या जागेत, डॉक्टर उभे दिसले.

"या," डॉक्टर म्हणाले.

सेक्रेटरी भाजीची पिशवी छातीशी धरून, मान वाकवून कपाटात शिरले आणि पलीकडे निघाले. जाताना म्हणाले, "रविवार. रविवारी संध्याकाळी हे इथे दिसलं, तर करवत मी स्वतः चालवीन."

दुसऱ्या दिवसापासून सगळी इमारत कपाटातून ये-जा करू लागली आणि आवकरावांच्या जिवाला क्षणभर चैन पडेना. ते सकाळीच कपाटापाशी पायरीवर येऊन बसत, पण बसत म्हणजे काय, टेकत आणि उठत. कुणी वरून आलं की उठत, खालून आलं की उठत, आणि कुणीच आलं नाही तर का येत नाही म्हणून उठत. त्यांनी कपाटाच्या दोन्ही तोंडांशी गोणपाट अंथरलं होतं.

"पाय पुसून या हं. दार हळू. आरशाला हात नको."

"आवकराव, मी दूध आणायला निघालेय," टेलरबाई म्हणाल्या. "घरातून बाहेर पडताना पाय पुसायचे?"

"आत येताय ना तुम्ही."

"कुठे आत?"

"कपाटात."

टेलरबाईंनी पाय पुसले. पुसता पुसता त्यांचं लक्ष आरशाकडे गेलं. पायाच्या नखापासून केसापर्यंत अख्खी बाई दिसेल असा आरसा त्यांच्या घरी नव्हता. त्यांनी एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून पाहिलं आणि दुधाचं भांडं तिथेच ठेवून त्या परत वर गेल्या. थोड्या वेळाने एका गिऱ्हाईक मुलीला अर्धवट शिवलेल्या झग्यासकट खाली घेऊन आल्या. तोंडात टाचण्या धरून त्या मुलीला गरागरा फिरवत होत्या आणि आवकराव टाचण्यांवर डोळा ठेवून त्यांच्याभोवती फिरत होते.

मग डॉक्टरांना कळलं की बसवलेले दात पेशंटला हातातल्या टिचभर आरशात दाखवण्यापेक्षा इथे आणून दाखवले तर परिणाम वेगळा होतो. पेशंट कपाटात उभे राहून हसत. काही जण नुसतं हसायला दुसऱ्यांदा आले. ज्यांचा नंबर लागायचा होता ते कपाटाच्या उंबऱ्यावर टेकू लागले, आणि आवकरावांनी "तिथे नको, लाकूड आहे," म्हटलं की "आम्ही पण माणसं आहोत," असं दुखऱ्या गालाने म्हणू लागले.

सेक्रेटरींनी आधी फक्त छत्री टांगली. मग टोपी. मग त्यांचा पेपर कपाटात राहू लागला, कारण आतला उजेड त्यांना म्हणे सोसत होता. रोज सकाळी ते आरशासमोर उरलेले केस सारखे करत आणि मागे उभ्या आवकरावांना आरशातूनच दटावत, "रविवार लक्षात आहे ना?"

सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती बुधवारी. सेक्रेटरी आणि डॉक्टर यांचं कित्येक वर्षं वाकडं होतं. दवाखान्याच्या पाटीवर काढलेला दात फार मोठा आहे आणि तो इमारतीच्या शोभेला बाधक आहे, असं सेक्रेटरींचं म्हणणं होतं. तेव्हापासून दोघं जिन्यात समोरासमोर आले की एक जण भिंतीकडे बघे आणि दुसरा कठड्याकडे. बुधवारी एक जण वरून आत शिरला आणि एक जण खालून, आणि दोघं कपाटाच्या मधोमध पोटाला पोट लावून उभे राहिले. आता भिंतीकडे बघायचं तर भिंत नव्हती. आवकराव धावत दारापाशी आले. त्यांना भांडणाची भीती नव्हती, दाराच्या बिजागऱ्यांची होती.

"तुम्ही आधी," शेवटी सेक्रेटरी म्हणाले.

"छे छे, तुम्ही. तुमच्या हातात पिशवी आहे."

"पिशवीचं काय एवढं."

"बाकी, तुमचा हा पुढचा दात जरा हलतोय वाटतं," डॉक्टर इतक्या जवळून पाहत म्हणाले.

त्या दिवशी सेक्रेटरी दवाखान्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा तोंडात कापूस होता, आणि त्या कापसाआडून ते डॉक्टरांना काहीतरी विनोद सांगत होते.

आवकरावांना यातलं काहीच सुखाने बघता आलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच चक्र चालू होतं. रविवारी तो माणूस येईल का? आला तर घेईल का? नाही घेतलं तर सोमवारी शिक्का. पुन्हा तेच टेबल, तोच खिडकीबाहेरचा पाइप, तोच ठप्प असा आवाज, निवृत्त होईपर्यंत. या विचाराने ते पायरीवरून उठत आणि उगाच कपाटातून वर जाऊन खाली येत.

बायको शाळेला जाता-येता कपाटातून जाई. "सरका," एवढंच म्हणे. तिने पाय पुसले की नाही हे बघायचा धीर आवकरावांना होत नसे. संध्याकाळी मात्र ती चहाचा कप आणून पायरीवर ठेवी. "भंगार राखायला बसलेत," असं तोंडाने म्हणे आणि कप रिकामा होईपर्यंत तिथेच उभी राही.

शुक्रवारी आवकराव जरा जेवायला वर गेले असताना सुतार करवत घेऊन आला. पहिल्या मजल्यावरच्या कुणाचा तरी जुना सोफा वर गच्चीत न्यायचा होता आणि त्यांना रविवारपर्यंत धीर नव्हता. आवकराव ओरडा ऐकून घास टाकून धावत आले तर बायको शाळेच्या पिशवीसकट कपाटात मांडी घालून बसली होती आणि सुतार करवत पाठीमागे लपवून उभा होता.

"रविवार म्हणजे रविवार," ती सुताराला सांगत होती. "शुक्रवारनंतर काय येतं?"

"शनिवार," सुतार म्हणाला.

"मग या आता."

सुतार गेल्यावर आवकराव भारावून म्हणाले, "अगं, तू माझ्यासाठी—"

"तुमच्यासाठी नाही. ठरलं ते ठरलं, एवढंच," असं म्हणून ती उठली आणि वर निघून गेली.

रविवार उजाडला आणि हॉटेलमालक खरंच आले. आवकरावांनी पहाटेपासून कपाट फुंकर मारून मारून साफ केलं होतं, कारण फडकं लावायला पुस्तकाची परवानगी नव्हती. मालकांनी पंजे पाहिले, पितळी कड्या पाहिल्या, दार उघड-मिट करून पाहिलं. वरून एक पेशंट कपाटातून बाहेर आला आणि त्यांना "नमस्कार" म्हणून खाली गेला, तरी ते विचलित झाले नाहीत. मग त्यांनी किंमत सांगितली. ती ऐकून आवकरावांना कठडा धरावा लागला.

"पण बाहेर काढायचं कसं?" आवकरावांनी चाचरत विचारलं. खरं बोलायचं हाही पुस्तकातला नियम होता.

"त्यात काय! हा कठडा एवढा तोडायचा. कपाट गेलं की नवा बांधून देतो, माझ्या खर्चाने. माझी माणसं टेम्पो घेऊन खालीच उभी आहेत."

इतकं सोपं होतं! आवकरावांना नाचावंसं वाटलं. ते दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि दारातूनच बायकोला किंमत सांगितली. तिने हातातलं लाल पेन खाली ठेवलं.

"म्हणजे उद्या ऑफिस नाही," मग ती म्हणाली.

"नाही!"

"बरं," ती म्हणाली आणि वह्या तपासायला लागली. पण तपासलेलीच वही ती पुन्हा तपासत होती.

आवकराव तसेच खाली आले. मालक कपाटाच्या माथ्याकडे बघत होते.

"हा वरचा टोप तेवढा काढून टाकावा लागेल," ते म्हणाले. "आमच्या खोल्यांची छतं बुटकी आहेत."

"काढून?"

"आणि हा रंग फार काळा आहे. छान पांढरा ऑइलपेंट मारून घेऊ. मध्ये फ्रीज बसतो की नाही तेच बघायला आलो होतो. मस्त बसतो. गिऱ्हाईक दार उघडेल, आत थंडगार फ्रीज! कशी आहे आयडिया?"

"छान आहे," आवकराव म्हणाले. घेणाऱ्याने वस्तूचं काय करायचं यात विकणाऱ्याने पडू नये, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. त्या पानावर त्यांनी स्वतः पेन्सिलीने खूण केली होती. पण त्यांचे डोळे वर गेले. द्राक्षांशी ते दोन पक्षी नेहमीसारखे चोच लावून होते, आणि आवकराव नकळत मालकांच्या आणि कपाटाच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

टेम्पोतली माणसं हातोडे घेऊन वर येऊ लागली, तसे सेक्रेटरी कपाटातून बाहेर आले. त्यांनी छत्री हातात घेतली होती.

"कठडा सार्वजनिक आहे," ते म्हणाले. "तो तोडायचा तर सभासदांची परवानगी लागेल. मिटिंग घ्यावी लागेल."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, रविवारी संध्याकाळपर्यंत हलवा?" आवकराव म्हणाले.

"मी कपाट हलवा म्हटलं होतं. कठडा हलवा म्हटलं नव्हतं."

मिटिंग तिथेच भरली. निम्मी इमारत खालच्या पायऱ्यांवर बसली, निम्मी वरच्या. दोन्हीकडच्यांना दिसावं म्हणून सेक्रेटरी कपाटात उभे राहिले. आवकराव आणि हॉटेलमालक खालच्या बाजूला बसले होते.

"आठवडाभर आपण हाल सोसले," सेक्रेटरींनी सुरुवात केली आणि ते जरा थांबले. "म्हणजे, पहिला दिवस सोसले."

"कपाट गेलं तर माझ्या गिऱ्हाइकांनी कुठे बघायचं?" टेलरबाई वरून म्हणाल्या. "मी तीन झगे घेऊन ठेवलेत शिवायला."

"माझे पेशंट हसायला लागलेत," डॉक्टर म्हणाले. "दाताच्या डॉक्टरला हे सुख किती वेळा मिळतं?"

"आणि सोफा?" पहिल्या मजल्यावरून कुणीतरी क्षीणपणे विचारलं.

"सोफा तुमचा, राहणार तुमच्याच घरात. तो वर न्यायचाच कशाला?" सेक्रेटरी म्हणाले, आणि सोफ्याचा प्रश्न मिटला.

हॉटेलमालक आवकरावांच्या कानाशी लागले. "काळजी करू नका हो. लोक असंच बोलतात. माल तुमचा आहे. तुम्ही ठाम राहिलात की बाकीचे हात आपोआप वर होतील."

ते खरंही असावं. सगळे जण आवकरावांकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता, थोडी ओशाळलेली विनंती होती. इतकी वर्षं या जिन्यात त्यांच्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. उद्या सोमवार. ठप्प, ठप्प, ठप्प.

"कठडा तोडायला ज्यांची परवानगी आहे त्यांनी हात वर करा," सेक्रेटरी म्हणाले.

आवकरावांनी हात उचलायचं ठरवलं. अगदी नक्की ठरवलं. पण हात गुडघ्यावरच राहिला. सेक्रेटरींनी खाली पाहिलं. एकही हात नव्हता. मग ते मागे वळले, वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि काहीशा अचंब्याने म्हणाले, "एक."

वर कोण ते आवकरावांना दिसत नव्हतं.

"विरोधात?"

सगळीकडून हात वर झाले. झग्याच्या कापडासकट टेलरबाईंचा, डॉक्टरांचे दोन्ही, सोफावाल्यांचाही. सेक्रेटरी मोजता मोजता थांबले.

"आवकराव," ते म्हणाले, "तुमचा हात."

आवकरावांनी पाहिलं. त्यांचा हात वर होता. कधी गेला ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"नामंजूर!" सेक्रेटरी ओरडले आणि एकच गलका झाला. डॉक्टरांनी खाली उतरून आवकरावांची पाठ थोपटली. कुणीतरी म्हणालं, "मानलं तुम्हाला!" हॉटेलमालकांनी आवकरावांकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, हातोडेवाल्यांना खूण केली आणि ते जिना उतरून गेले. त्यांच्या पावलांचा आवाज थांबला तेव्हा कुठे आवकरावांना समजलं की आपण काय केलं. उद्यापासून ऑफिस. आणि हे सगळं आपण स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर केलं.

तो एक हात कुणाचा होता ते बघायला त्यांनी वाकून, सेक्रेटरींच्या बगलेखालून, कपाटापलीकडे नजर टाकली. वरच्या पायऱ्यांवर सगळे उठून बोलत उभे होते. त्यांच्यात एकटी बायको अजून पायरीवर बसलेली होती, हात सरळ वर धरून, वर्गात शहाणी मुलं धरतात तसा.

"तू?" आवकराव म्हणाले.

"मग कोण?"

"पण तू तर पहिल्या दिवसापासून भंगार म्हणतेस."

"भंगारच आहे. पण तुम्हाला उद्या तिथे जायचं नव्हतं ना?" तिचा आवाज जरा कापरा झाला. "मी सगळ्या इमारतीशी वैर घेतलं. आणि तुम्ही तिकडे हात वर करून बसलात."

"अगं, तो माणूस त्यात फ्रीज बसवणार होता," आवकराव म्हणाले. याहून चांगलं उत्तर त्यांना सुचलं नाही. त्यांना इतकं वाईट वाटत होतं आणि इतकं बरंही वाटत होतं की दोन्ही एकदम सांगता येईना. "हात खाली घे आता. सगळे बघतायत."

"नाही घेत," बायको म्हणाली. "मिटिंग संपली असं सेक्रेटरी कुठे म्हणालेत?"

सेक्रेटरी कपाटात मधोमध उभे होते. त्यांनी एकदा खाली आवकरावांकडे पाहिलं, एकदा वर तिच्याकडे पाहिलं, आणि मिटिंग संपली असं म्हणायचं काही त्यांना धाडस होईना.